द्राक्षांचे पैसे, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि 'भाग ब'वाला तज्ज्ञ

दप्तरदार (धागाकर्ता) – सोमवार, रात्री १०.१५

राम राम मंडळी. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं बघतो, चौदा वर्षं झाली. इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असतो, पण सध्या एका दाव्यात असा अडकलोय की चार डोकी एकत्र आलेली बरी. प्रकरण चालू आहे, म्हणून ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. गाभा तोच.

पक्षकार द्राक्ष बागायतदार. परराज्यातल्या व्यापाऱ्याने बाग बघितली आणि सौदा झाला तो व्हॉट्सॲपवर. 'भाऊ ५२ ने घेतो, उद्या गाडी लावतो.' इसार ५० हजार. माल तोडला, वजनाच्या चिठ्ठ्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहिल्या, गाडी गेली. बाकी राहिले चार लाखांच्या वर. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, आधी 'उद्या टाकतो', मग 'सेठ बाहेरगावी आहेत', मग फोन बंद.

दावा २०२५ मध्ये दाखल केला. पुतण्याने काढलेले स्क्रीनशॉट झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून दस्तऐवज यादीसोबत जोडले. (मी जोडले. हो, माझीच घाई.) प्रतिवादीची कैफियत आली: मेसेज आमचे नाहीत, बनावट आहेत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत लागतं ते) नाही, सबब निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक, देऊ नये.

इथवर नेहमीचंच. पण मधल्या काळात पक्षकाराचा फोन फवारणीच्या टाकीत पडला. नवा फोन घेतला, बॅकअपमधून चॅट परत आलं. आता मूळ कोणतं म्हणायचं? टाकीतला फोन, नवा फोन, की पुठ्ठ्यासारखे कडक झालेले ते रंगीत कागद?

आपल्याकडे या विषयावरचा सर्वात मोठा निकाल जालन्याचा आहे आणि तोही दिवाणी पद्धतीने चाललेल्या प्रकरणातला, निवडणूक याचिकेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो.

२०१४ ची विधानसभा. जालन्यातून अर्जुन खोतकर ४५,०७८ मतं घेऊन निवडून आले, कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक २९६. गोरंट्यालांचं म्हणणं, उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ ला संपली आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले. पुरावा? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, जे सीडीवर उतरवून मिळालं होतं. सीडी म्हणजे नक्कल. नकलेला जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब लागतं, म्हणजे प्रमाणपत्र हवं. आणि ते प्रमाणपत्र देणार कोण, तर ज्यांच्या ताब्यात यंत्रणा होती तेच अधिकारी. पुन्हा पुन्हा मागूनही त्यांनी दिलं नाही!

औरंगाबाद खंडपीठाने २०१७ च्या नोव्हेंबरात निवडणूक रद्द ठरवली. अधिकाऱ्याने साक्षीत चित्रणाबद्दल जे सांगितलं, त्यातून कलमाची पुरेशी पूर्तता झाली असं धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तीन न्यायमूर्तींसमोर. १४ जुलै २०२० चा निकाल: तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. पण मूळ यंत्र, अगदी मोबाइलसुद्धा, मालकाने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून शाबीत केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रमाणपत्र समोरचा देतच नसेल तर कोर्टाकडून समन्स काढून मागा. सगळं करूनही मिळालं नाही, तर अशक्य गोष्ट करून दाखवा असं कायदा म्हणत नाही. गोरंट्यालांना या शेवटच्या वाटेने सूट मिळाली. शिवाय चित्रण बाजूला ठेवलं तरी इतर पुरावा होताच. अपील फेटाळलं.

(अवांतर: तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही झाली होती आणि तीत गोरंट्यालच निवडून आले होते. २०२४ ला परत खोतकर. न्यायालयाचा निकाल आणि मतदाराचा निकाल, दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात.)

आता नव्या कायद्याने, म्हणजे वर आलेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने, त्यात भर घातली आहे. १ जुलै २०२४ पासून प्रमाणपत्राचा ठरीव नमुना आला, त्याचे दोन भाग. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. यंत्राचा मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय, आणि मुख्य म्हणजे हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण. ती काढायच्या पद्धती: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ किंवा अन्य, खूण करा.

माझा प्रश्न साधा आहे. तालुक्याच्या गावात भाग ब भरणारा तज्ज्ञ कुठून आणायचा? आणि त्याने हॅश लिहून दिला, तर नेमकं काय शाबीत झालं?

शेवगा – सोमवार, रात्री १०.४८

वाचनखूण साठवली आहे. बागायतदाराच्या घरातली असल्याने आतडं तुटलं. पुठ्ठ्यावरच्या वजनचिठ्ठ्या आमच्याकडेही आहेत, देवघराच्या खणात.

बाळबोध प्रश्न: स्क्रीनशॉट खोटा करणं इतकं सोपं असतं का हो?

बिटबाईट – सोमवार, रात्री ११.३०

शेवगाताई, शेंग सोलण्यापेक्षा सोपं. नाव बदलून सेव्ह केलेला मित्र आणि दहा मिनिटं, एवढ्यावर भागतं. माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर 'व्यापारी सेठ' नावाने ठेवला, तुम्ही मला 'पैसे उद्या देतो' पाठवलंत, मी स्क्रीनशॉट काढला. कोणतंही सॉफ्टवेअर लागलं नाही. चॅट एक्स्पोर्ट करून येते ती तर साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडून ५२ चे ६२ करा.

हॅशबद्दल. आज दुपारी मुद्दाम करून पाहिलं म्हणून सांगतो. एक फोटो घेतला, त्याचा एसएचए-२५६ काढला. ६४ अक्षरांची ओळ येते. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही, सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीच असते. फाइलचं नाव बदललं, हॅश तोच. फोटोचा एक कोपरा एका ठिपक्याने बदलला, अख्खी ओळ वेगळी. मग मूळ फोटो बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तिच्या फोनमधून परत घेतला. डोळ्याला तोच फोटो, हॅश पूर्ण वेगळा. कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, कधी कुठे काढला ती माहितीही गाळतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तेव्हा मात्र हॅश जुळला. वकील मंडळींनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. पक्षकाराला 'फोटो व्हॉट्सॲप करा' म्हणाल तर पुरावा तिथेच पातळ झाला.

जाणकार माणूस फोन किंवा डिस्क हातात आली की आधी तिची बिट-बाय-बिट प्रतिमा घेतो. डिस्क असेल तर मध्ये राइट ब्लॉकर लावतो, म्हणजे बघताना आपल्याकडून काही लिहिलं जाऊ नये. अशी प्रतिमा घ्यायला एफटीके इमेजर फुकट मिळतं, तपासणीसाठी ऑटोप्सी फुकट आणि खुलं आहे. मोबाइलची खरी साधनं मात्र महाग, सेलेब्राइटसारखी, ती तालुक्याला सोडा, जिल्ह्यालाही खासगीत क्वचितच.

दप्तरदारसाहेब, टाकीतला फोन कुठे आहे? कोणी तो चार्जिंगला लावून बघितला नाही ना?

दप्तरदार – मंगळवार, सकाळी ७.०५

तांदळाच्या डब्यात आहे. वहिनींनी ठेवलाय. चार्जिंगला लावला होता का हे विचारायची मला भीती वाटते.

निवृत्त_शिरस्तेदार – मंगळवार, सकाळी ११.२०

तुमच्या या हॅशफिशच्या आधी आम्ही टेप पाहिल्या आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या कोर्टात भाडेकरूच्या दाव्यात मालकाने कॅसेट हजर केली. ऐकवायला टेपरेकॉर्डर नाही. नाझराच्या घरून आणला. त्याने कॅसेट चावली. दोन्ही वकील, साहेब आणि मी, सगळे पेन्सिल घालून रीळ गुंडाळतोय! रोजनाम्यात काय लिहायचं हा प्रश्न पडला होता मला. कोणतं कोर्ट ते सांगणार नाही.

गंमत सोडा. कायदा तेव्हाही ढिला नव्हता. मुंबईच्या कुंभारवाड्याच्या निवडणुकीत भाषणांच्या पोलिसी टेपांवरून सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये टेपला दस्तऐवज म्हटलं. आणि १९८५ च्या राम सिंग निकालात कसोट्या घालून दिल्या, तीसुद्धा निवडणूक याचिकाच: आवाज कोणाचा ते ओळखणारा हवा, मुद्रण अचूक आहे हे मुद्रण करणाऱ्याने सांगितलं पाहिजे, फेरफाराची शक्यता नसावी, सीलबंद ताब्यात राहिलेली हवी, आवाज स्पष्ट हवा. तुमचे एसएचए बिएसएचए त्यातल्या एकाच कसोटीला उत्तर देतात. बाकीच्या कसोट्यांना माणूस लागतो.

आता कामाचं विचारतो. इसार कसा आला? रोख की फोनवरून?

सरळसोट – मंगळवार, दुपारी १.१०

मला हा सगळा कीस समजत नाही. हॅश जुळला की फाइल खरी, विषय संपला. यंत्र खोटं बोलत नाही, साक्षीदार बोलतात. उद्या सगळ्या कोर्टांनी एक सॉफ्टवेअर घ्यावं, पक्षकाराने फाइल टाकावी, हिरवी खूण आली की निशाणी, लाल आली की फेकून द्या. तज्ज्ञ, उलटतपास, तहकुबी हे सगळं वकिलांच्या पोटापाण्यासाठी आहे. रागावू नये.

लेस्टरकर – मंगळवार, सायं. ६.४० (इथले)

सरळसोटराव, रागावत नाही, पण 'यंत्र खोटं बोलत नाही' हे वाक्य मी राहतो त्या देशात कृपया मोठ्याने म्हणू नका.

इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, पोस्टाच्या होरायझन प्रकरणाबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, पण त्यातली दिवाणी बाजू तिकडे फार कमी लिहिली जाते. थोडक्यात, गावोगावची पोस्टं कंत्राटाने चालवणारे सबपोस्टमास्तर. हिशोब होरायझन नावाच्या संगणक प्रणालीवर, बनवणारी कंपनी फुजित्सू. प्रणाली म्हणे गल्ल्यात तूट आहे. पोस्ट म्हणे भरा. नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली.

ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांच्यावर मात्र पोस्टाने दिवाणी दावा लावला. तूट सुमारे २६ हजार पौंडांची. त्यांनी मदत क्रमांकावर ९१ वेळा फोन केले होते. वकील परवडेना म्हणून स्वतःच उभे राहिले. २००७ च्या जानेवारीत हरले आणि वर खर्चापोटी ३ लाख २१ हजार पौंड अंगावर आले. दिवाळखोरी. एका बाजूला संगणकाचा छापील ताळेबंद, दुसऱ्या बाजूला एक माणूस 'मी नाही केलं' म्हणतोय. हॅश काढला असता तर शंभर टक्के जुळला असता! त्या ताळेबंदाशी कोणी छेडछाड केलीच नव्हती. तो जन्मतःच चुकलेला होता.

आणि ते फुटलं कुठे? दिवाणी कोर्टातच. ॲलन बेट्स आणि इतर, मिळून ५५५ वादी. न्यायमूर्ती फ्रेझर यांचा होरायझनवरचा निकाल १६ डिसेंबर २०१९ चा. प्रणालीतल्या ज्ञात दोषांची नोंदवही होती, ती पोस्टाकडून बाहेर काढायलाच केवढी झटापट झाली. दूर बसून फुजित्सूच्या माणसांना शाखेच्या हिशोबात शिरता येत होतं, हे वर्षानुवर्षं नाकारलं होतं. न्यायमूर्तींनी पोस्टाच्या भूमिकेला पृथ्वी सपाट आहे म्हणण्याची एकविसाव्या शतकातली आवृत्ती म्हटलं. तडजोड ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची झाली, आणि खर्च वजा जाता वाद्यांच्या हाती त्यातले साधारण सव्वा कोटीच लागले. दप्तरदार, हे वाचून दिवाणी वकिलांनी सुस्कारा सोडला तर हरकत नाही.

आता एक योगायोग. तुमचं ६५ब कुठून आलं माहीत आहे? जवळजवळ शब्दशः इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्याच्या कलम ५ वरून. आमच्याकडे ते १९९५ च्या कायद्याने गेलं. फौजदारीतलं तसंच कलमही २००० च्या आसपास काढून टाकलं, आणि संगणक नीट चालत होता असं धरून चालायची प्रथा राहिली. त्याच सुमारास, ऑक्टोबर २००० मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर भारताने ते टाकून दिलेलं कलम उचललं. आमच्या घरी लोक हसायचे, जुना अंगरखा नव्या घरात म्हणून. होरायझननंतर आता इथले वकील म्हणतात, अंगरखा तेवढा वाईट नव्हता. संगणक बरोबर चालत होता हे कोणीतरी सही करून सांगायला लावत होता ना तो.

सरळसोट – मंगळवार, रात्री ११.५५

ठीक. शब्द मागे. पण तुमचं उदाहरण हिशोबाच्या प्रणालीचं आहे, व्हॉट्सॲप मेसेजचं नाही.

आंबोळी – बुधवार, सकाळी ९.३०

मेसेजचं नाही, पण कॅमेऱ्याचं सांगते. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन घरांत दिवाणी दावा लागला. मी तेव्हा कमिटीत खजिनदार. एका पार्टीने सीसीटीव्ही मागितला, आम्ही आनंदाने पेनड्राइव्हवर दिला. प्रमाणपत्रावर सही माझी, कारण डीव्हीआर 'माझ्या ताब्यात'! नमुन्यात मालकी, देखभाल, हाताळणी असे रकाने असतात, त्यात मी काय भरलं असेल ते देव जाणे.

कोर्टात समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला. बाई, चित्रणात सकाळचे ७.१० दिसतात, पण मागच्या भिंतीपाशी पोराटोरांची स्कूलबस निघतेय, ती किती वाजता येते? ८ ला. डीव्हीआरचं घड्याळ जवळजवळ तासभर मागे होतं आणि बसवल्यापासून कोणी बघितलंच नव्हतं. चित्रण खरं, वेळ खोटी. आणि भांडण सगळं वेळेचंच होतं.

दुसरं म्हणजे पंधरा दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसलं जायचं. नोटीस आली तीन आठवड्यांनी. म्हणून आता आमच्या नोटीस बोर्डावरच लिहिलंय: चित्रण हवं असल्यास आठ दिवसांत लेखी अर्ज करा. आणि महिन्यातून एकदा डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी जुळवून वहीत लिहायचं, फरक असेल तर तोही. वहीला कोणी हसलं तरी चालेल.

दप्तरदार – बुधवार, सकाळी १०.१०

आंबोळीताई, ती वही जपून ठेवा, हॅशइतकीच मोलाची आहे. आणि ज्यांना भीती आहे की चित्रण पुसलं जाईल त्यांनी दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ रूल ७ खाली जतनाचा अर्ज द्यावा. मनाई हुकुमाच्या अर्जावर सगळे तुटून पडतात, त्याच्या शेजारचा हा नियम कोणी वाचत नाही.

शिरस्तेदारसाहेब, इसार फोनवरून आला. युपीआय. का?

निवृत्त_शिरस्तेदार – बुधवार, सकाळी १०.४०

मग डोक्याला हात लावून का बसलात? बँकेचा उतारा आणा, बँकर्स बुक्सच्या कायद्याखालच्या प्रमाणपत्रासह. बँक ही तिसरी पार्टी, तिला द्राक्षाचं सोयरसुतक नाही. मेसेजमध्ये 'इसार टाकला, बघा' आहे ना? त्याच दिवशी, त्याच सुमारास ५० हजार जमा. मेसेज बनावट असेल तर प्रतिवादीने अनोळखी शेतकऱ्याला ५० हजार कशाबद्दल दिले हे त्यानेच सांगावं. जालन्याच्या निकालातही शेवटी 'इतर पुरावा' होताच, तुम्हीच लिहिलंय वर.

आणि नंबर त्याचाच आहे हे कबूल करण्याची नोटीस काढली का? ऑर्डर १२? नाही काढली. तरुण वकील हॅशवर पाच तास वाचतात आणि पाच ओळींची नोटीस विसरतात.

प्रश्नचिन्ह – बुधवार, दुपारी ३.००

चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालतं का? मित्राच्या घटस्फोटाचं चालू आहे (खरंच मित्राच्या).

दप्तरदार – बुधवार, रात्री ९.२०

मित्राला सांगा, कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे तिथे पुराव्याचे नियम मुळातच सैल. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका प्रकरणात पतीने पत्नीच्या नकळत केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग पुराव्यात घ्यायला परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती नाकारली होती. पण पुराव्यात घेणं वेगळं आणि त्यावर विश्वास ठेवणं वेगळं. पुढचं मित्राच्या वकिलांना विचारा, नाहीतर धाग्याचं काश्मीर होईल.

नीरक्षीर – गुरुवार, पहाटे १.१५

भाग ब बद्दल कोणीच बोलत नाहीये, मी बोलते. माझं काम न्यायवैद्यक साधनांच्या चाचणीशी जवळचं आहे, एवढंच सांगते.

लोकांना वाटतं तज्ज्ञ म्हणजे यंत्राचाच हात लांब झाला. साधन चुकू शकतं ही पहिली गोष्ट. अमेरिकेत गेथर्सबर्गच्या मानक संस्थेत, एनआयएसटी म्हणतात तिला, गेली वीसहून अधिक वर्षं फक्त ही साधनं तपासण्याचा प्रकल्प चालू आहे. त्याला सुरुवातीपासून तिथल्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेचाही आधार होता. प्रत्येक साधनाची, प्रत्येक आवृत्तीची वेगळी चाचणी करतात आणि अहवाल सगळ्यांसाठी खुले. वाचायला कंटाळवाणे, पण त्यातच सापडतं की अमुक साधनाने अमुक मॉडेलच्या फोनमधून एखाद्या ॲपचा डेटा अर्धवटच काढला. उलटतपास घेणाऱ्याने तज्ज्ञाला पहिला प्रश्न हाच विचारावा: साधनाची आवृत्ती कोणती, आणि तिची चाचणी झालेली तुम्ही वाचली आहे का?

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. नॉर्वेच्या पोलीस महाविद्यालयातल्या नीना सुंदे आणि लंडनचे इटिएल ड्रोर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. आठ देशांतले ५३ डिजिटल तपासनीस. सगळ्यांना तीच एक डिस्कची प्रतिमा दिली. फरक एवढाच की काहींना संशयित दोषी असावा असं सुचवणारी माहिती दिली, काहींना निर्दोष असावा अशी, काहींना संदिग्ध, काहींना काहीच नाही. 'निर्दोष असावा' गटाला सर्वात कमी खुणा सापडल्या. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना सारखीच माहिती दिली होती त्यांच्यातही एकवाक्यता फार कमी! बिट तेच, हॅश तोच, माणसं वेगळी.

दिवाणी दाव्यात तर तज्ज्ञाला पक्षकारच बोलावतो, चहा पाजतो, हकीकत सांगतो आणि फी देतो. म्हणजे 'संशयिताबद्दलची माहिती' त्याला पहिल्या पाच मिनिटांतच मिळाली. इंग्लंडच्या दिवाणी नियमांच्या भाग ३५ मध्ये तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य कोर्टाशी, फी देणाऱ्याशी नाही, असं स्पष्ट आहे, आणि दोन्ही बाजूंना मिळून एकच तज्ज्ञ नेमता येतो. लेस्टरकर सांगतील.

जाताजाता हॅशच्या नमुन्याविषयी. एमडी-५ ला २००४ मध्येच तडा गेला, एसएचए-१ साठी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय आणि गुगलने २०१७ मध्ये एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ दाखवल्या. नमुन्यात ते रकाने आहेत म्हणून भरायलाच हवेत असं नाही, एसएचए-२५६ वर खूण करा आणि झोपा.

लेस्टरकर – गुरुवार, सकाळी ८.२० (इथले)

दुजोरा. नियम सुंदर आहे. तरी होरायझन झालं, कारण इतकी वर्षं पोस्टाच्या बाजूने कोर्टात उभी राहणारी माणसं त्या प्रणालीच्या घरातलीच होती.

बिटबाईट – गुरुवार, सकाळी १०.००

नीरक्षीर, लोटांगण. माझ्यासारख्यांनी नम्र व्हावं असा प्रतिसाद.

तालुक्याला भाग ब कोण भरणार, यावर माझं मत: कायद्यात 'तज्ज्ञ' एवढंच म्हटलंय, त्यामुळे आत्ता जो तो आपापली सोय करतोय. कोणी संगणक अभियंत्याची सही घेतो, कोणी कॉलेजच्या प्राध्यापकाची. सरकारी प्रयोगशाळांवर फौजदारीचाच डोंगर आहे, तिथे द्राक्षाच्या चार लाखांचा नंबर कधी लागणार?

दप्तरदार – गुरुवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. दोन वाटा डोक्यात होत्या. पहिली, ऑर्डर २६ रूल १०-अ. शास्त्रीय तपासासाठी कोर्टाने कमिशनर नेमायचा. १९७६ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. सही-अंगठ्यासाठी आम्ही वापरतो, फोनसाठी आमच्या कोर्टात मी तरी कोणी अर्ज दिलेला पाहिला नाही. नीरक्षीरताईंचं वाचून वाटलं की हीच वाट बरी. तज्ज्ञ कोर्टाचा असेल, पत्र कोर्टाचं जाईल, आणि त्याला कोण खरं कोण खोटं हे सांगायची आम्हा दोघांनाही संधी नाही. प्रश्न खर्चाचा. तो आधी वादीनेच भरायचा, आणि वादीची बाग तर त्याच व्यापाऱ्याच्या गाडीत गेली.

दुसरी वाट शिरस्तेदारसाहेबांची, आणि ती फुकट. कबुलीची नोटीस आजच काढली. बँकेला पत्र गेलं. शिवाय प्रतिवादीचा फोन हजर करा असाही अर्ज देतोय. तेच चॅट त्याच्या फोनमध्येही असणार, त्याने पुसलं नसेल तर. पुसलं असेल तर कधी पुसलं, हे विचारायला मला आवडेल.

शेवगा – शुक्रवार, सकाळी ६.५०

पुढे काय झालं ते कळवा. आमच्याकडे यंदा छाटणीच्या आधीच घरच्यांना सांगितलंय, सौदा ठरला की व्यापाऱ्याला कागदावर सही करायला लावा. ऐकतील असं नाही.

दप्तरदार – सहा आठवड्यांनंतर

उशिराबद्दल क्षमस्व. घडलं ते असं. कबुलीच्या नोटिशीला उत्तर आलं: नंबर आमचा, पण फोन तेव्हा मुनीम वापरत होता. म्हणजे 'मेसेज आमचे नाहीत' वरून गाडी 'मुनिमाचे असतील' वर आली. बँकेचा उतारा निशाणी पडला. इसार प्रतिवादीच्याच खात्यातून आलेला. उलटतपासात प्रतिवादीच्या वकीलमहाशयांनी त्या इसाराला 'हातउसने' म्हणून बघितलं. पक्षकार म्हणाला, साहेब, मी यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, मला कोण हातउसने देतंय? साहेबांनी हे उत्तर शब्दशः उतरवून घेतलं.

प्रतिवादीचा फोन 'सापडत नाही'. शपथपत्रावर सापडत नाही. तेही निशाणी होऊन पडलंय.

नव्या फोनमधल्या चॅटसाठी भाग अ पक्षकाराने भरला. त्यात बॅकअपमधून परत आलेलं आहे हे मुद्दाम स्पष्ट लिहिलं, लपवलं नाही. भाग ब जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी. त्यांना हकीकत सांगितली नाही, फक्त फोन दिला. ते म्हणाले, इतका कमी बोलणारा वकील पहिल्यांदा पाहिला. हरकत नोंदवून, शेवटी विचारात घेऊ म्हणून, निशाणी मिळाली.

जुना फोनही हजर केला, मूळ म्हणून. चालू होत नाही, पण राहू दे ताब्यात. बेंच क्लार्कच्या टेबलावर पाकीट उघडलं तर चार्जिंगच्या भोकातून तांदळाचे पाच-सहा दाणे सांडले. पुढची तारीख युक्तिवादाला.

निवृत्त_शिरस्तेदार – त्याच दिवशी, रात्री ९.००

पंचनाम्यात दाणे किती ते लिहिलंत ना? नाहीतर अपिलात विचारतील.